शिमग्याला ये, पण आधी हे वाच

गुहागर,
माघ महिना

प्रिय बाळ्या,

तुझा फोन आला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, म्हणून ‘गहू कायमचा बंद, बाकी बरा आहे’ एवढंच म्हणालो. ‘गहू कायमचा बंद’ ऐकून तू केवढा सुस्कारा टाकलास! लेका, मी कोकणात राहतो, लुधियानात नाही. सकाळी घावणे नाहीतर आंबोळी, दुपारी भात, रात्री तांदळाची किंवा नाचणीची भाकरी. आमच्या आजीच्या काळात पोळी पाहुणे आले तरच व्हायची.

आजाराचं नाव सिलिअ‍ॅक. गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीर आपल्याच लहान आतड्यावर उठतं. आतली बारीक लव झिजते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही माझं हिमोग्लोबिन चढत नव्हतं, ते म्हणूनच. आधी रक्त तपासलं, मग दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला. तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, नाहीतर खूण सापडत नाही. तुला युद्धाच्या गोष्टींचा नाद, म्हणून सांगतो: डिके नावाचे एक डच बालरोगतज्ज्ञ होते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि या आजाराची मुलं मात्र सुधारली. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. औषध आजही तेच, पथ्य.

त्रास देतो तो लपलेला गहू. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. मेतकुटात गहू भाजून घालतात. मालवणी वड्यांच्या पिठात घरोघरी मूठभर गहू पडतोच, आणि थालीपिठाच्या भाजणीचं तर विचारूच नकोस. खानावळीत बांगडा तांदळाच्या पिठात घोळवून मागितला तरी तवा तोच, रव्याच्या सुरमईचा. गिरणीत तर सगळ्यांचंच पीठ एका जात्यातून जातं. पाकिटावर ‘ग्लूटेन-फ्री’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लूटेन असावं लागतं, मग गिरणीतल्या उरल्यासुरल्या पिठाचा हिशेब तूच कर. शेवटी घरघंटी घेतली. हिला आता शेजारणी ‘जरा आमचे गहू दळून दे’ म्हणतात आणि तिला दरवेळी वाईटपणा घ्यावा लागतो.

सगळ्यात अवघड गेला तो सत्यनारायणाचा प्रसाद. रव्याचा शिरा, त्याला नाही म्हणायचं कसं? ‘प्रसादाने काही होत नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पहिल्या शब्दालाच ओळखतो. मग भटजीकाकांनीच वाट काढली. पोथीतच आहे म्हणे, गहू नसेल तर तांदळाचं पीठ चालतं, साखर नसेल तर गूळ. आमच्या घरी आता तांदळाच्या रव्याचा होतो आणि खरं सांगू, मला तोच आवडतो.

आता दुसरं, ज्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण शाळेपासून बघत आला आहेस. कोणी ओझरता हात लावला की मी का दचकतो ते. शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी मी अजून ब्लेडने उसवतो. पावसाळ्यात धड न वाळलेले कपडे अंगाला चिकटले की कामात लक्ष लागत नाही. सलूनमध्ये मानेवर बारीक केस पडले की अर्ध्यावर उठून पळावंसं वाटतं. गहू सोडल्यावर हेही जाईल, असं छातीठोक सांगणारे बरेच भेटले. सिलिअ‍ॅकमध्ये कधी नसांनाही त्रास होतो, बी-१२ कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी तेही तपासलं. त्यात काही निघालं नाही. हे लहानपणापासूनचं आहे, वेगळं आहे. थकवा गेला, अंगात रक्त आलं; कातडी होती तशीच राहिली. जीन एअर्स नावाच्या अमेरिकन थेरपिस्ट बाईंनी १९६०च्या दशकात अशा मुलांबद्दल लिहून ठेवलंय. हलका स्पर्श सोसत नाही, भक्कम दाब मात्र चालतो. हे वाचलं तेव्हा मला आपली पालखी आठवली. दांडा खांद्यावर रुततो, पाच-सहा जण अंगावर रेलतात, आणि मला एकदम बरं वाटतं! तेच कोणी गालाला हळूच गुलाल लावायला आलं की मी चार पावलं मागे. मे महिन्यातही मला जाड गोधडीच लागते. ही म्हणते, तुझं सगळंच उलटं.

गंमत बघ. गव्हाला नाही म्हटलं तर दाखवायला रिपोर्ट आहे. ‘आतड्याचा आजार’ म्हटलं की आत्याबाईसुद्धा ताट मागे घेतात. स्पर्शाला कागद नाही. लग्नात हळद लावायला आलेल्या काकूला काय दाखवू? तिला वाटतं, मी शहाणपणा करतोय, नाहीतर तिच्यावर रागावलोय. तसा दोन्हीकडे राग सारखाच. माणसं प्रेम हातानेच करतात, घास भरवतात नाहीतर पाठीवरून हात फिरवतात, आणि मी दोन्हीला नाही म्हणतो. मग काही ठिकाणी मी सरळ खोटं बोलतो, ‘अंगावर पित्त उठलंय’ म्हणून. पित्त सगळ्यांना कळतं. याची मला लाज वाटत नाही.

धाकटीने मात्र आपला मार्ग काढलाय. पळत येते, समोर थांबते आणि विचारते, ‘घट्ट?’ मी ‘घट्ट’ म्हटलं की बरगड्या मोडेपर्यंत मिठी. ‘आज नको’ म्हटलं की तशीच खेळायला पळते, रुसत नाही. मोठ्यांना हे शिकवायला मला जमलेलं नाही.

शिमग्याला नक्की ये. अर्धा गाव मुंबईला, पालखीला खांदा द्यायला माणसं कमी पडतात. चिपळूणला उतरलास की फोन कर, गाडी घेऊन येतो. बाकरवडी आणायचीच असेल तर पोरांसाठी आण, वेगळ्या पिशवीत, तिच्यात मैदा असतो. आणि भेटल्यावर पाठीवर थाप मारायची ती कचकून मार, हात फिरवत बसू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. वहिनी दरवेळी हिंगाची डबी पाठवतात. या वेळी नको म्हणून सांग, पण नीट सांग. आमच्याकडे फोडणीला लसूणच चालते.