मार्कच्या शेवटच्या बारा वचनांबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरच्या पुरवणीतला मार्कच्या शुभवर्तमानावरचा, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रावरचा लेख वाचला, आवडला पण, फक्त मार्कने हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलं असं जे ठासून सांगितलंय ते खटकलं म्हणून लिहितोय. अहो, मूळ मजकुरात लेखकाचं नावच कुठे नाहीये. मार्कचं नाव मिळतं ते हिएरापोलिसचा बिशप पापियास याच्याकडून, तेही दुसऱ्या शतकात, आणि त्याचं पुस्तक हरवलंय, चौथ्या शतकात चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने त्यातला उतारा दिला म्हणून आपल्याला कळतं. आणि तो पापियासच सांगतो की मार्क हा येशूचा शिष्य पेत्र याचा दुभाष्या, प्रभूचं बोलणं त्याने स्वतः ऐकलेलं नव्हतं. मग डोळ्यांनी पाहिलं हे आलं कुठून?

दुसरं म्हणजे लेखाचा सगळा शेवट 16व्या अध्यायातल्या 9 ते 20 या वचनांवर, म्हणजे पुन्हा जिवंत झालेला येशू शिष्यांना भेटतो त्या भागावर उभा केलाय. कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या बायबलच्या दोन हस्तलिखित ग्रीक प्रती, दोन्हींत मार्क आठव्या वचनावरच थांबतो. बायका येशूच्या कबरीपासून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत, कारण त्या घाबरलेल्या होत्या, बस, पुढे काही नाही. व्हॅटिकनसच्या लेखनिकाने तर त्यापुढे अख्खा एक रकाना कोरा सोडलाय! पुढचा मजकूर त्याला माहीत होता की काय, त्या कोऱ्या जागेचा फोटो बघितला की मला दर वेळी अंगावर काटा येतो.

ही वचनं खोटी म्हणून काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाही. बिशप इरेनियसने साधारण इ.स. 180 च्या सुमारास त्यातलं 19वं वचन मार्कचं म्हणून दिलंय, म्हणजे ती भरपूर जुनी आहेत, आणि चर्चमध्ये आम्ही ती श्रद्धेने ऐकतो. पण 18व्या वचनात साप हातात धरण्याचं आहे, त्याच्या भरवशावर अमेरिकेत अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागात काही चर्चमध्ये लोक खरोखरचे विषारी साप धरतात आणि दंश होऊन माणसं मेलीत. कुठला मजकूर कुठल्या प्रतीत आहे हे वाचकाला सांगणं म्हणूनच मला गरजेचं वाटतं, आजकाल बऱ्याच बायबलांमध्ये तिथे कंस किंवा तळटीप असतेच, मग पेपरात का नको? पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा छापाल का?

एक वाचक, वसई