मिस्त्रीकाका, आईच्या पायरीबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आई कशी आहे?" म्हणून विषय बदलता. घरी आलं तर चहा टाकायला उठून जाता. म्हणून हे सगळ्यांच्या समोर लिहिते आहे. तुमचं नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला खपणार नाही. नेरळच्या इंजिन शेडमध्ये, माथेरानच्या बाजारपेठेत आणि इकडे नागावच्या वाड्यांमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. माझं माहेर माथेरान, सासर रेवदंडा. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. गाडी दस्तुरीपर्यंत येते. ई-रिक्षा यायच्या आधी तिथून बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटर पायी जावं लागायचं, घोड्यावर जावं लागायचं, नाहीतर माणसाने ओढलेल्या हातरिक्षात बसावं लागायचं. दोन दिवस आलेल्या पाहुण्यांना त्यात मौज वाटते आणि वाटावीच, आमचं पोट त्यांच्यावर आहे. पण भर आषाढात, दोन हातांवरचं दिसत नाही अशा धुक्यात, तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर टाकून त्या लाल निसरड्या वाटेने दस्तुरी गाठायची वेळ आमच्यावर यायची. नेरळहून डोंगर चढून माथेरानला येणारी, दोन फुटी रुळांवरची ती छोटी गाडी ही आमची एसटी आहे. २०१२ साली दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल सुरू झाली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी गाडीला हळदकुंकू वाहिलं होतं.

मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे रुळांवरून घसरले आणि सगळंच बंद झालं. अपघात झाला म्हणजे आधी सुरक्षा बघायला हवी, याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. गाडी पुन्हा चालू होईल की नाही याचं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं आणि ते आम्हाला सोसेना. मी रेवदंड्याहून जाऊन आईला आणि आळीतल्या बायकांना घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी साहेब म्हणाले, "तोट्यातली गाडी आहे, बाई. पर्यटकांची हौस. बंद पडली तर कुणाचं काय अडतं?" आई शेजारी उभी होती. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण तिला कुणी बसा म्हटलं नाही. दुसरीकडे निवेदन घेतलं, पोच दिली आणि पुढच्या खेपेला तो कागद कुठे आहे हे तिथल्या कुणालाच सांगता येईना. एक पुढारी अमन लॉजला येऊन रुळांवर उभे राहिले, फोटो काढून गेले, ते परत फिरकले नाहीत. हे मी अजून विसरलेली नाही, विसरायची इच्छाही नाही.

तुम्ही तोवर रेल्वेतून निवृत्त होऊन नागावला वाडी बघत होतात. बाबांच्या चपलांच्या दुकानात कधीकाळी तुमचा चहा व्हायचा, एवढीच आपली ओळख. तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. कुणाच्या तरी तोंडून ऐकलंत आणि पहाटेची एसटी धरून पनवेल, तिथून नेरळ करत वर आलात. आल्याबरोबर पिशवीतून शंभरपानी वही काढलीत आणि बायकांना एकेक करून विचारलंत, गाडीने कोण जातं, कशासाठी जातं, किती वाजता जातं. कर्जतला कॉलेजात जाणारी पोरं. हॉटेलात भांडी घासायला येणाऱ्या वाडीवरच्या बायका. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, कोर्टाच्या तारखेला, बहिणीच्या बाळंतपणाला जाणारी माणसं. आमच्या निवेदनात आम्ही 'जागतिक वारसा' वगैरे भारी शब्द घातले होते. युनेस्कोच्या संभाव्य यादीत या मार्गाचं नाव आहे, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. तुम्ही ते खोडलं नाहीत, फक्त म्हणालात, "हे दुसऱ्या पानावर घ्या. पहिल्या पानावर माणसं लिहा." आणि लिहून झाल्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलंत. आपण सांगितलेलं जसंच्या तसं कागदावर आलेलं आईने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्या दिवशी सभेला आलेल्या पोरांना तुम्ही कोळशाच्या इंजिनांबद्दल सांगितलंत, तेही लिहायलाच हवं. त्या इंजिनांच्या शेवटच्या वर्षांत तुम्ही खलाशी म्हणजे मदतनीस म्हणून शेडमध्ये लागलात. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सगळं डिझेलवर गेलं आणि ती इंजिनं थांबली. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी १९०४ साली या मार्गाचं काम हाती घेतलं, वडिलांनी, सर आदमजी पीरभॉय यांनी, पैसा पुरवला आणि १९०७ मध्ये गाडी माथेरानला पोचली. खर्च आला १६ लाख रुपये. कुठे कुठे तर २० फुटांना १ फूट चढ आणि डोंगराच्या कडेने अशी वळणं की पहिला डबा आणि शेवटचा डबा समोरासमोर दिसावेत. अशा वळणावर सहा चाकांचं इंजिन वळतं कसं, असं एका पोराने विचारलं. तुम्ही दोन्ही तळहात पुढे धरून दाखवलंत की कडेच्या दोन आसांना डावी-उजवीकडे सरकायला जागा ठेवलेली असे, त्यामुळे इंजिन रुळाशी भांडत नसे. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलच्या कारखान्यात बनलेली ती चार इंजिनं, पुढे ७३८ ते ७४१ हे त्यांचे क्रमांक. त्यातलं ७४० आज इंग्लंडात हौशी माणसांनी जपून ठेवलं आहे हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. "तिकडची माणसं इतक्या लांबून येऊन ते घेऊन गेली, आपल्याला निदान रूळ तरी सांभाळता यावेत," एवढंच बोललात. सभेत त्यानंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र वहीत नाव द्यायला दुकानदारही आले, घोडेवालेही आले.

ऑक्टोबर २०१७ अखेर शटल सुरू झाली, पुढच्या वर्षी नेरळपासूनची गाडीही. २०१९ च्या पावसाने खालचा मार्ग जागोजाग वाहून नेला आणि नेरळची गाडी पुन्हा थांबली. मधल्या काळातलं सगळं सांगत बसत नाही. गाडी तुमच्या एकट्यामुळे वाचली असं म्हणणार नाही, तुम्हालाही ते रुचणार नाही. दरडीखाली उभं राहून काम केलेले गँगमन आहेत, मनापासून धडपडलेले इंजिनिअरही आहेत. पण रुळांखालची मोरी कुठे बुजली आहे, कुठल्या वळणावर पाणी डोंगरातून कसं उतरतं, हे तुम्ही गुडघे दुखत असताना त्यांच्याबरोबर चालून दाखवलंत. त्याचे कुणाकडून भाड्याचे पैसेही घेतले नाहीत.

त्यातच ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवसाबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही. रेवदंड्यात आमची कौलं उडाली, नागावला तुमची अख्खी सुपारी आडवी झाली. सुपारी पुन्हा लावून हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात, आणि तुमचं वय तेव्हा साठीच्या पुढे. विहिरीजवळचा जुना फणसही मुळासकट गेला. आठवड्याने फोन लागला तेव्हा मी तुमचं विचारायच्या आधी तुम्हीच विचारलंत, "शटलचं काही कळलं का गं?" लॉकडाउनमध्ये ती बंद होती ना.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

आई लग्न होऊन माथेरानला आली ती कोळशाच्या गाडीने. शालूवर पडलेली कोळशाची कणी, वॉटर पाइप स्टेशनला पाणी घ्यायला थांबलेलं इंजिन, डब्यांच्या मध्ये बसून हाताने ब्रेकचं चाक फिरवणारी माणसं, हे सगळं तिने आम्हाला इतक्यांदा सांगितलं आहे की माझ्या मुलींनाही पाठ आहे. बाबा गेल्यावर आणि गुडघे धरल्यावर मी तिला रेवदंड्याला घेऊन आले. माथेरानला जायचं म्हटलं की ती काहीतरी कारण काढायची. पाऊस आहे, दमायला होतं, पुढच्या महिन्यात बघू. मला वाटायचं, तिचं मन तिथून उठलं असेल.

ते खरं नव्हतं. डब्याची पायरी उंच आहे आणि ती चढताना दोन माणसांनी काखेत हात घालून वर ओढावं लागतं, ते आईला नको होतं. ओळखीच्या बाजारपेठेत, ज्या स्टेशनवर ती ताठ मानेने वावरली तिथे, चार माणसांसमोर तिला असं उचललं जायचं नव्हतं. हे तिने मला, तिच्या पोटच्या मुलीला, कधी सांगितलं नाही. तुम्हालाही सांगितलं नाही. मागे एकदा शटलपाशी ती पायरीकडे बघून "मी चालतच येते" म्हणाली होती, तेवढं तुमच्या लक्षात राहिलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये नेरळहून गाडी पुन्हा सुरू झाली. आईला जायचं होतं आणि जायचं नव्हतंही. तुम्ही फोनवर म्हणालात, "वहिनींना घेऊन ये, मी नेरळला आहे." आम्ही पोचलो तर तुम्ही फलाटावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन उभे होतात. नागावपासून एसटीत मांडीवर ठेवून आणलेलं. वादळात पडलेल्या त्या फणसाच्या लाकडाची दोन टप्प्यांची पायरी होती ती. पिवळंधमक लाकूड, कडा हाताने घासून गोल केलेल्या, एका बाजूला धरायला उभा दांडा. खाली चारही पायांना जुन्या टायरचं रबर ठोकलेलं, फरशी ओली असली तरी सरकू नये म्हणून. पायरी तुम्ही डब्यापाशी ठेवलीत आणि बाजूला झालात. आईला हात दिला नाहीत. मी पुढे होत होते तर मलाही डोळ्यांनी थांबवलंत आणि गार्डसाहेबांशी पावसापाण्याच्या गप्पा मारायला लागलात.

आई दांडा धरून एक पाय, मग दुसरा पाय असं करत स्वतः डब्यात चढली. खिडकीशी बसली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "चल की, उभी काय राहिलीस?"

काका, या सगळ्यात माझ्या आईला कशाची लाज वाटते हे ज्याने ओळखलं तो माणूस म्हणजे तुम्ही. पायरी करणारे सुतार पुष्कळ मिळतील. पायरी ठेवून तोंड दुसरीकडे फिरवायचं हे कुणाला सुचतं? तो साहेब आठवतो, ज्याला समोरची खुर्ची पुढे करावीशी वाटली नाही. त्याच्याकडे पद होतं, पंखा होता, शिपाई होता. तुमच्याकडे मोडलेली वाडी आणि एक पडलेला फणस होता.

मी हल्ली अशी माणसं मुद्दाम बघत असते. शाळेतल्या मुलीची पिशवी सांडली म्हणून गाडी दोन मिनिटं थांबवणारा आमच्या रेवदंड्याच्या एसटीचा कंडक्टर. पावसात खांद्यावर हातोडा टाकून एकटा रूळ तपासत जाणारा गँगमन, ज्याच्या जिवावर वर बसलेले आम्ही सगळे निर्धास्त भजी खातो. हुतात्मा भाई कोतवालांच्या गावची मी, दुसऱ्यासाठी झिजणं काय असतं ते लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ऐकणं वेगळं आणि माणूस समोर दिसणं वेगळं. गाडी नसणं म्हणजे काय हे तर आमच्या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. नाथ पै आणि मधु दंडवते यांच्यासारख्या खासदारांनी वर्षानुवर्षं लावून धरलं तेव्हा कुठे १९९८ साली कोकण रेल्वे सगळी सुरू झाली, आणि अलिबागला तर अजूनही प्रवासी गाडी नाही. म्हणून हाताशी असलेली गाडी, भले ती ताशी वीस किलोमीटरच्या आत का चालेना, हातची जाऊ देता कामा नये. जाऊ न देण्याचं काम मोठ्या सभांइतकंच तुमच्या त्या शंभरपानी वहीनेही केलं आहे.

ती पायरी सध्या माथेरानला माझ्या भावाकडे असते. आळीतल्या तीन-चार म्हाताऱ्या ती नेतात आणि आणून ठेवतात. एकीने विचारलं आहे की तिच्या बहिणीसाठी नेरळला अशी आणखी एक करून मिळेल का. लाकडाचे आणि मजुरीचे पैसे देणार असेल तरच विचारते असं मी तिला बजावलं आहे, तेव्हा तुम्ही उगाच नको म्हणू नका.

आणि तुमच्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोनदा पुढे ढकललंत हे मला काकूंकडून कळलं आहे. या खेपेला तारीख मला कळवा. अलिबागला न्यायला आणि परत सोडायला आमचे हे गाडी घेऊन येतील, नंतरचे चार दिवस जेवणाचा डबा रेवदंड्याहून येईल. आईने तुमच्यासाठी आंबोशीचं लोणचं वेगळं काढून ठेवलं आहे, ते त्याच वेळी पाठवते. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
माथेरानची लेक, रेवदंड्याची सून