फायरवॉल बंद करण्याच्या सल्ल्याविषयी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक साहाय्य विभाग

विषय: लिनक्स सर्व्हरची रिमोट डेस्कटॉप जोडणी बंद पडणे व त्यावर मिळालेला असुरक्षित सल्ला

महोदय/महोदया,

आपल्याकडून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर आमचे सहकारी एक्सआरडीपीद्वारे (लिनक्सचा डेस्कटॉप दुरून वापरू देणारी सेवा) काम करतात. आपल्या नेटवर्कच्या देखभालीनंतर ही जोडणी होईनाशी झाली. ती बंद पडली यापेक्षाही, माझ्या तक्रारीला मिळालेल्या उत्तराबद्दल माझा आक्षेप अधिक तीव्र आहे.

तक्रारीसोबत मी तपासणीच्या नोंदी पाठवल्या होत्या. एक्सआरडीपी 3389 या टीसीपी पोर्टवर (सेवेच्या क्रमांकित प्रवेशद्वारावर) चालू असून यूएफडब्ल्यूमध्ये (सर्व्हरवरील फायरवॉलमध्ये) आमच्या कार्यालयाच्या स्थिर आयपी पत्त्याला परवानगी आहे. जोडणीचा प्रयत्न केल्यावर लगेच नकार येत नाही, तर बराच वेळ वाट पाहून मुदत संपते. केवळ सेवा बंद असती तर सर्व्हरने तत्काळ नकार कळवला असता. त्याच वेळी सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारे साधन) चालवले असता 22 या पोर्टवरची एसएसएचची (दुरून आज्ञा देण्याच्या सुरक्षित जोडणीची) पॅकेट्स दिसत होती, पण 3389 साठी एकही पॅकेट आले नाही. आत येणारे पॅकेट टीसीपीडम्पला यूएफडब्ल्यूचे नियम लागू होण्याआधीच दिसते, म्हणजे आमच्या फायरवॉलने ते अडवले असते तरी त्याची नोंद झालीच असती. कार्यालयातून दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरशी 3389 वरून व्यवस्थित जोडणी होते. अडथळा आपल्या नेटवर्कमध्ये आहे, हे यावरून उघड होते.

असे असूनही यूएफडब्ल्यू पूर्णपणे बंद करून आपल्या नियंत्रण पॅनेलमध्ये 3389 सर्व पत्त्यांसाठी खुला करावा, असे मला कळवण्यात आले. जे पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही, ते सर्व्हरवरील फायरवॉल बंद केल्याने कसे पोहोचणार? शिवाय इंटरनेटवर खुल्या असलेल्या 3389 वर पासवर्ड ओळखण्याचे स्वयंचलित प्रयत्न सतत होत असतात, आणि आमच्या एक्सआरडीपीमध्ये लिनक्सच्या खात्यांचेच पासवर्ड चालत असल्याने धोका केवळ डेस्कटॉपपुरता राहत नाही. पर्याय म्हणून 5901 या पोर्टवर व्हीएनसी ही दुसरी रिमोट डेस्कटॉप सेवा खुली ठेवण्याचे सुचवले गेले, तेही तितकेच चिंताजनक आहे. व्हीएनसीच्या जुन्या प्रमाणीकरणात पासवर्डची पहिली आठ अक्षरेच विचारात घेतली जातात आणि पुढचे सत्र सांकेतिक स्वरूपात जात नाही.

सध्या मी एसएसएच टनेलमधून (एसएसएचच्या सुरक्षित जोडणीच्या आतून) त्याच एक्सआरडीपीशी जोडला जातो आणि डेस्कटॉप सुरळीत उघडतो, यावरून सेवेत दोष नाही हेही सिद्ध होते. मात्र ज्यांना फक्त डेस्कटॉप हवा आहे, अशा सर्व सहकाऱ्यांना एसएसएचचा प्रवेश देणे मला सुरक्षिततेच्या दृष्टीने मान्य नाही.

पॅनेलमध्ये 'सक्रिय' दिसणारा आमचा नियम आपल्या नेटवर्क फायरवॉलवर प्रत्यक्षात लागू आहे का, हे नेटवर्क विभागाकडून तपासून घ्यावे आणि अडथळ्याचे कारण सात दिवसांत लेखी कळवावे. तसेच ग्राहकाने पाठवलेल्या नोंदी न वाचता फायरवॉल बंद करण्यास सांगण्याची पद्धत तत्काळ थांबवावी, कारण ज्याला या तपासण्या करता येत नाहीत असा ग्राहक तो सल्ला निमूटपणे पाळेल.

आपला,
(ग्राहक)