भिंत कारखान्यातून येऊ दे, सांधा मात्र गावासमोर भरा

प्रति,
मा. संपादक,

विषय : सार्वजनिक इमारतींसाठी प्रीकास्ट काँक्रीटचे पॅनल आणि आपला सातारा जिल्हा

स. न. वि. वि.

शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रे यांसाठी प्रीकास्ट पॅनल वापरावेत का, हा विषय आता आमच्याकडेही बोलला जाऊ लागला आहे. प्रीकास्ट म्हणजे भिंती आणि स्लॅब आधीच साच्यात ओतून तयार करायचे, ट्रेलरवरून आणायचे आणि क्रेनने जागेवर उभे करायचे. मी पाटण तालुक्यातला. उभी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली. माझे मत पॅनलच्या बाजूने आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र लिहितो आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आईने मला गोधडीसकट उचलून अंगणात आणले. उजाडल्यावर पाहिले तर स्वयंपाकघराची भिंत जागेवर नव्हती. दीड फूट जाडीची, घडीव दगडांची भिंत. एकही दगड फुटला नव्हता. त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारी नुसती माती होती, ती सुटली आणि दगड मोकळे झाले. पुढे आमची शाळा बरीच वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. पाऊस लागला की गुरुजींचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नसे.

पॅनलच्या बाजूने बोलण्याचे पहिले कारण हा पाऊसच आहे. शाळेचे काम करायचे तर ते मेच्या सुट्टीत. प्रत्यक्षात मंजुरी, निविदा, कार्यादेश यांतच उन्हाळा संपतो. पाया आणि कॉलम होतात न होतात तोच जून उजाडतो आणि काम चार महिने तसेच पडून राहते. सळया गंजतात, मुले देवळात नाहीतर समाजमंदिरात बसतात. पॅनल दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत ओतून ठेवले, पाया एप्रिलपर्यंत तयार असला, तर दोन खोल्या मेमध्ये आरामात उभ्या राहतात. नवी मुंबईत सिडकोने प्रीकास्ट पद्धतीने ९६ दिवसांत ९६ घरे बांधून दाखवली आहेत. आपल्याला तेवढी घाईसुद्धा नको, शाळा उघडायच्या आत छप्पर हवे.

दुसरे कारण पाण्याचे. काँक्रीटला साधे सिमेंट असेल तर किमान ७ दिवस आणि वीज केंद्रातली कोळशाची राख मिसळलेले असेल तर किमान १० दिवस ओलावा हवा. माण-खटावात मे महिन्यात प्यायला टँकर लागतो, तिथे कॉलमवर पाणी कोण मारणार? गोणपाट गुंडाळतात, सकाळी दोन बादल्या ओततात आणि दुपारपर्यंत गोणपाट कडकडीत वाळलेले असते. हा दोष मी गवंड्यांना देत नाही, पाणीच नसते. पॅनल जिथे ओततात त्या कास्टिंग यार्डासाठी पाणी असेल अशी जागा निवडता येते, पॅनल झाकून ठेवता येतात, वाफेवर पोसता येतात.

तिसरे कारण सांगताना मला आजही त्रास होतो. नोकरीच्या उमेदीच्या काळात एका शाळेच्या कामावर होतो. सेंट्रिंग काढल्यावर एका कॉलमच्या तळाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी दिसली. खडी उघडी, सळई उघडी. ओले काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर तिथपर्यंत पोचलाच नव्हता. मी वरिष्ठांना सांगायला गेलो. परत येईपर्यंत त्यावर सिमेंटचा लेप बसला होता आणि चार दिवसांनी गिलावा. मी तोंडी सांगितले, लिहून ठेवले नाही. ती शाळा आजही भरते. तिच्यासमोरून जाताना माझी नजर त्याच कोपऱ्यावर जाते.

पॅनल उभा करण्याआधी त्याला चारही बाजूंनी फिरून पाहता येते. पोळे असेल तर ते उघड्यावर दिसते, पॅनल नाकारता येतो, आणि नाकारला तर एक पॅनल जातो, इमारत जात नाही. लोखंडी साच्यातून पृष्ठभाग गुळगुळीत निघतो, त्यामुळे गिलाव्याची गरजही बहुतेक ठिकाणी उरत नाही. माझ्या लेखी या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच.

पर्यावरणाच्या बाबतीत मात्र जरा जपून बोलावे लागेल. पॅनल आला म्हणजे इमारत आपोआप हरित झाली, असे होत नाही. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजली की खुद्द तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, भट्टीचे इंधन वेगळेच. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्के मानला जातो. विटांची भिंत काढून तिच्या जागी भरीव काँक्रीटची भिंत आणली तर सिमेंट वाढूही शकते. शिवाय साचे रोज मोकळे करायचे म्हणून कारखानदार लवकर घट्ट होणारे मिश्रण वापरतात, त्यात सिमेंट जास्त पडते. फायदा करून घ्यायचा तर स्लॅब पोकळ हवेत, जाडी हिशेबातली हवी आणि सिमेंटमध्ये राख हवी. आपल्या जिल्ह्यात औष्णिक वीज केंद्र नाही, राख सोलापूर किंवा परळीकडून आणावी लागेल, तो वाहतुकीचा खर्च आधीच धरावा. जे खरोखर वाचते तेही कमी नाही. सेंट्रिंगचे लाकूड-प्लायवूड वाचते, साइटवरची नासाडी थांबते आणि कृष्णाकाठची सुपीक माती वीटभट्टीत जाण्यापासून वाचते.

उष्णतेचेही तसेच. नुसती सहा इंची काँक्रीटची भिंत दहिवडीच्या उन्हात तापेल आणि वर्ग सुटेपर्यंत आत उष्णता सोडत राहील. आमची जुनी दगडी भिंत त्यापेक्षा पुष्कळ थंड होती. माणदेशासाठी दोन थरांच्या मध्ये उष्णतारोधक थर असलेले पॅनल हवेत, आणि दक्षिण-पश्चिमेला व्हरांडा हवाच. पाटण-जावळीकडे उलट चिंता, तिथे पाऊस आडवा मारतो. दोन पॅनलमधल्या फटीत भरलेले सीलंट काही वर्षांनी बदलावे लागते, त्याची तरतूद देखभालीच्या खर्चात पहिल्या दिवसापासून दाखवावी.

वाहतूक हा आणखी एक प्रश्न. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि सहा इंच जाड पॅनलचे वजन साधारण साडेतीन टन भरते. असे पॅनल लादलेला ट्रेलर पसरणी किंवा केळघर घाटाच्या वळणांवर कसा वळणार, आणि पुढे वाडीपर्यंतच्या रस्त्यावर क्रेन कशी उभी राहणार, हे कागदावर आराखडा काढणाऱ्याने आधी गाडीत बसून पाहावे. डोंगरी भागासाठी पॅनल लहान मापाचेच हवेत. आणि साच्याचा खर्च दोन खोल्यांतून कधीच निघत नाही. जिल्हा परिषदेच्या खोल्या बहुतेक सारख्याच मापाच्या असतात. दोन-तीन तालुक्यांची मागणी एकत्र केली, एकच माप ठरवले आणि कराडच्या आसपास एक यार्ड घातले, तरच हे परवडेल.

आता माझी अट. पॅनल कितीही उत्तम असला तरी इमारत उभी राहते ती सांध्यावर. पॅनलच्या कडेतून सळईचे फास बाहेर काढलेले असतात. शेजारच्या पॅनलचे फास त्यांवर येतात, मधून उभी सळई ओवतात आणि ती पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मिश्रणाने, भरतात. खालून वर आलेली सळई वरच्या पॅनलमधल्या नळीत शिरते. त्या नळीत खालच्या भोकातून ग्राउट दाबाने सोडायचा आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत थांबायचे नाही. छताच्या काँक्रीटच्या फळ्या भिंतीवर पुरेशा टेकल्या पाहिजेत आणि त्यांवर जाळी अंथरून काँक्रीटचा थर पडला पाहिजे, म्हणजे सगळे छत एकजीव होते. यातले बहुतेक सगळे काम संध्याकाळपर्यंत झाकले जाते. नळी अर्धीच भरली असेल तर बाहेरून कळत नाही. माझ्या त्या कॉलमसारखेच.

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या प्रीकास्ट पॅनलच्या अनेक एकमजली शाळांची छते खाली आली. त्या नव्या शाळा होत्या. छताच्या फळ्या भिंतीवर जेमतेम टेकलेल्या, भिंतीशी आणि एकमेकींशी नीट बांधलेल्या नव्हत्या. प्रजासत्ताक दिन होता म्हणून वर्ग भरलेले नव्हते. १६ मे १९६८ ला लंडनमध्ये रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक पॅनल निसटला आणि त्याच्यामागे इमारतीचा अख्खा कोपरा कोसळला. आमचे कोयना खोरे भूकंपाच्या नकाशात चौथ्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, क्षेत्रात धरले जात आले आहे आणि इथली भांडी आजही अधूनमधून खणखणतात. पूर्वनिर्मित काँक्रीटसाठी आपल्याकडे १९८५ पासून ११४४७ क्रमांकाचे आणि २०१० पासून १५९१६ क्रमांकाचे भारतीय मानक आहे. नियमांची वाण नाही.

म्हणून निविदेतच तीन गोष्टी लिहाव्यात, अशी माझी विनंती आहे. सांधे भरण्याचा दिवस आठवडाभर आधी गावाला कळवावा, आणि त्या दिवशी अभियंत्यासोबत मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीचे दोन सदस्य हजर असावेत. त्यांना अभियांत्रिकी कळायची गरज नाही, वरच्या भोकातून ग्राउट बाहेर आला की नाही एवढे कोणालाही दिसते. प्रत्येक सांध्याला क्रमांक असावा आणि त्याचा फोटो, तारीख व सह्या मोजमाप पुस्तिकेबरोबर ठेवाव्यात, त्याशिवाय बिल निघू नये. आणि पहिली खोली उभारण्याआधी यार्डातच नमुन्याचे काही सांधे भरून ते सर्वांसमोर कापून आत पाहावे. एक सांधा कापायला अर्धा दिवसही लागत नाही.

येत्या मेमध्ये भिंती उभ्या करायच्या असतील तर साचे दिवाळी संपताच लागतील, म्हणजे मापे आणि आराखडा याच पावसाळ्यात ठरायला हवा. गावागावांतल्या गवंड्यांच्या मुलांना सळई ओवण्याचे आणि ग्राउट भरण्याचे शिक्षणही त्याच चार महिन्यांत देता येईल. तेव्हा त्यांच्या हातांना तसेही काम नसते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बांधकाम पर्यवेक्षक,
ता. पाटण, जि. सातारा