सायकलस्वारीत पाठीशी उभे राहिलेल्या अनोळखी मंडळींचे आभार

जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा करत तोरणमाळपर्यंत सायकली हाणल्या त्या सातपुड्यातल्या सिकलसेल रुग्णांच्या तपासणीसाठी निधी जमवायला. हा रक्ताचा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो आणि साध्या रक्ततपासणीत कळतो. देणगीदारांना पावत्या पोचल्या. हा मजकूर ज्यांच्या नावाची पावती फाडलीच नाही त्यांच्यासाठी.

चोपड्याच्या पुढे केळीच्या बागेपाशी “बठ भाऊ, पयले पानी पी” म्हणत थांबवणाऱ्या मावशी. तुमची कळण्याची भाकरी आणि ठेचा नसता तर शिरपूर दिसलं नसतं.

शहाद्याजवळचे सायकल दुरुस्तीवाले आप्पा, तुमचं काय सांगावं! मागच्या चाकाचा आरा तुटलेला, चाक ब्रेकला घासत होतं. आमच्या महागड्या सायकलीचा आरा तुमच्याकडे असणं शक्यच नव्हतं. तुम्ही जुना आरा कापला, टोक वाकवून अडकवला, मग चाक फिरवत, रिंगेला खडू टेकवत आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढला. पैसे तर घेतले नाहीतच, वर आमच्याच डब्यात पन्नासची नोट टाकली.

तोरणमाळ 1000 मीटरच्या वर आहे, हे सात पायरीच्या घाटात मांड्यांना कळतं. तिथे मागून दिवे दाखवत बैलगाडीच्या चालीने आलेले पिकअपवाले दादा, आभार.

उतरताना कट मारून गेलेल्या पांढऱ्या गाडीवाल्यांचं नावही यादीत घ्यावं का, यावर गटात एकमत झालं नाही.