शेजारच्या सीटवरून

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू "झोपतो आता, आई" म्हणून फोन ठेवलास, म्हणून लिहायला बसले. फोनवर मी बोलायला लागले की तुझा "हं, हं" सुरू होतो. निदान पत्राला मधेच हं म्हणता येत नाही.

आधी टायरबद्दल. पावसात, उतरत्या उजेडात, तू आणि तुझा मित्र लांबू, दोघांनी मिळून टायर बदललात. जॅक लावण्याआधी नट सैल करून घेतले, हे तू सांगितलंस तेव्हा बाबांनी मान डोलावली. ते सहसा मान डोलवत नाहीत. तुझा निकाल लागला तेव्हासुद्धा "बरं" एवढंच म्हणाले होते. नंतर मावशीला फोन करून त्यांनी तो टायर बदलल्याची हकीकत सांगितली आणि पाऊस थोडा वाढवून सांगितला. मला मात्र विचारायचंय, नट आवळताना एकाआड एक, समोरासमोरचे आवळलेत ना? आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा पान्हा लावून पाहिलात का? नसेल पाहिलं, तर सकाळी निघण्याआधी पाहा.

आता ते दुसरं. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

"अकरा तास गाडी चालली गं, मधे एकदा जरा चाक कडेच्या खडबडीत पट्टीवर गेलं, त्या घरघरीनं मला जाग आली." एवढं सांगून तू हसलास, मीही हसले. फोन ठेवल्यावर डोक्यात आलं, जाग तुला आली. म्हणजे तू झोपला होतास. आणि गाडी लांबूच्या हातात होती, तर चाक त्या पट्टीवर गेलं तेव्हा लांबू काय करत होता?

लांबू गाडी चांगली चालवतो, तुझ्यापेक्षा शांतपणे चालवतो. पण प्रश्न चांगलं चालवण्याचा नाहीच. झोप येत असलेल्या माणसाला ती किती आलीय हे नीट कळत नाही, तो म्हणतो मी ठीक आहे. आणि त्याला ते खरंच वाटत असतं. तीन-चार सेकंदांची डुलकी लागून गेली तरी पत्ता लागत नाही, कारण डोळे उघडेही राहू शकतात. शंभरच्या वेगाला गाडी सेकंदाला 28 मीटर जाते. चार सेकंदांचा हिशोब तूच कर, गणित तुझं माझ्यापेक्षा बरं आहे. त्याचं त्याला कळत नसेल, तर कोणाला कळणार? शेजारी बसलेल्याला. म्हणून मला लांबूच्या झोपेपेक्षा तुझ्या झोपेची काळजी जास्त वाटली.

पुन्हा सुरू झाले. राग मानू नकोस.

तुझ्या बाबांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, तेव्हा आम्ही रात्रीचे खूप हिंडलो. तू मागच्या सीटवर उशीत तोंड खुपसून झोपलेला असायचास, ताई खिडकीला नाक लावून. बाबांना झोप यायला लागली की ते आधी नाक चोळत. मग समोरून गाडी आली तरी दिवे खाली करायला त्यांना उशीर व्हायचा. मग वेग हळूहळू कमी होऊन एकदम वाढायचा. सगळ्यात शेवटी जांभई. लोक जांभईची वाट बघत बसतात, तोवर फार उशीर झालेला असतो. मी त्यांना "हो-नाही"त उत्तर देता येईल असं काही विचारायचेच नाही. "तुमच्या लहानपणीच्या घरात किती दारं होती आणि कोणतं कुठं उघडायचं?" असलं काहीतरी. उत्तर जुळवायला वेळ लागला, की मी म्हणायचे, थांबवा गाडी. ते चिडायचे. "अजून वीस किलोमीटर तर राहिलेत." मी म्हणायचे, वीस किलोमीटर सकाळीही असतील. मग थांबायचे, आणि सीट मागे केल्याबरोबर घोरायचे! ठीक असलेला माणूस असा घोरतो होय?

तर तेच तुलाही सांगते. लांबूचं उत्तर तुटक व्हायला लागलं, वळणाची पाटी त्यानं पाहिलीच नाही, पापणी मिटून सावकाश उघडायला लागली, की थांबायचं. काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, यानं काही होत नाही. पाच-दहा मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा तेच. कॉफीचा उपयोग होतो, पण तिला अंगात भिनायला अर्धा तास लागतो. म्हणून कॉफी प्यायची आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटायचे, उठाल तेव्हा दोन्हींचा गुण आलेला असतो. युरोपात ट्रक आणि बस चालवणाऱ्यांना साडेचार तासांनंतर 45 मिनिटं थांबावंच लागतं, आणि एरवी दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. आयुष्यभर हेच काम करणाऱ्यांची ही गोष्ट. तुम्ही दोघं अकरा तास चालवून वर मला हसून सांगता! दोघांत वाटले असतील ना अकरा तास? तेही मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

दुपारी दोन ते चार सांभाळा. रात्रीच्या झोपेबद्दल सगळे बोलतात, पण दुपारीही शरीर खाली बसतं, पोटभर जेवण झालं असो वा नसो. आणि मध्यरात्रीनंतर दोन ते सहा गाडी रस्त्यावर नको. पहाटे निघायची तुला हौस आहे, माहीत आहे मला. पण पहाटे निघायचं तर आदल्या रात्री लवकर झोपायला हवं. सतरा तास सलग जागलेला माणूस दोन पेले घेऊन चालवणाऱ्यासारखाच असतो. लांबू पीत नाही याचं आपल्याला केवढं कौतुक! आणि मग हे?

अजून एक, मग मी गप्प बसते. झोपायचंच असेल तर सीट आडवी करून झोपू नकोस. तीन टोकांचा पट्टा 1959 साली निल्स बोलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं केला, आणि त्याच्या कंपनीनं पेटंट सगळ्यांना वापरू दिलं, हे तूच मला पूर्वी सांगितलं होतंस. पण तो पट्टा सरळ बसलेल्या माणसासाठी आहे. पाठ मागे टाकलीस की छातीवरची पट्टी सैल लोंबते, आणि गाडी आदळली तर माणूस कमरेच्या पट्टीखालून पुढे घसरतो. डॅशबोर्डवर पाय टाकून बसायची तुझी सवय गेली का? त्याच्या आत एअरबॅग असते आणि पापणी लवायच्या आत ती फुटून बाहेर येते.

अण्णांच्या अपघाताचं मी पुन्हा उगाळत नाही. तुला माहीत आहे ते सगळं. पण त्या गाडीत अण्णांच्या शेजारी जे बसले होते, ते अजून वर्षातून एकदा आपल्याकडे येतात. तू लहान होतास तेव्हा त्यांच्या मांडीवर चढायचास, आता तू खोलीत असतोस. खुर्चीच्या टोकावर बसतात, इकडचं तिकडचं विचारतात, जातात. त्यांना कोणी कधी काही बोललं नाही, ना बाबा, ना आजी. मागच्या वेळी चपला घालताना आपणहूनच म्हणाले, "वहिनी, मी जागा असतो तर." पुढं काही बोलले नाहीत. तुला काही होईल याची भीती मला वाटतेच, ती तुझ्या जन्मापासूनची आहे. पण आज मला दुसरीच भीती वाटली. तू असा कोणाच्या तरी घरी खुर्चीच्या टोकावर बसलेला मला बघायचा नाही.

असो.

बाबांची ती आवडती गोष्ट तुला पाठ असेल. 1955 साली इटलीतली मिले मिलिया शर्यत, जवळपास 1,600 किलोमीटर, नेहमीच्या सार्वजनिक रस्त्यांवरून, एका दिवसात. स्टर्लिंग मॉस चालवत होता आणि शेजारी डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. त्यानं आधी रस्ता फिरून वळणं न् वळणं कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर टिपून ठेवली होती. उघड्या गाडीच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून पुढचं वळण तो हाताच्या खुणांनी सांगायचा. वाटेत उलटी झाली तेव्हा वाऱ्यानं त्याचा चष्मा उडाला. 10 तास 7 मिनिटं आणि काही सेकंदांत ते पहिले आले. बाबा ही गोष्ट मॉसची म्हणून सांगतात. मला ती नेहमी त्या शेजारच्या माणसाचीच वाटली. दहा तास त्याला क्षणभर डोळा लावायची सोय नव्हती, आणि स्टिअरिंगला हात लावायचा नव्हता. ते काम तुला जमेल. तू लहानपणापासून नकाशे बघत बसायचास, रस्ता चुकलेल्या माणसाला शेवटपर्यंत पोचवून यायचास. लांबूला असा शेजारी मिळालाय.

चष्म्यावरून आठवलं, दुसरा चष्मा पिशवीत आहे ना? पिशवीत म्हणजे डिकीत नव्हे, हाताशी.

मी फार लिहिलं. तुम्ही मजा करायला गेलात, आणि मी पानभर झोपेवर बोलले. हवं तिथं थांबा, फोटो काढा, भांडा थोडं, दोन दिवसांत तुम्ही भांडणार हे मी बाबांना आधीच सांगून ठेवलंय. फक्त मुक्कामी पोचलात की एक ओळ टाक. मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझची बायको बर्था 1888 साली नवऱ्याला न सांगता दोन मुलांना गाडीत घालून शंभरेक किलोमीटर गेली. वाटेत तुंबलेली इंधनाची नळी तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली, चढावर मुलांकडून गाडी ढकलून घेतली. तरी संध्याकाळी पोचल्यावर घरी तार केली. तुझ्या खिशात फोन असतो.

उद्या आधी कोण चालवणार आहे? तू चालवणार असलास, तर लांबू जागा राहणार आहे का, तेही विचारून घे.

तुझी,
आई

ता. क. : बाबा म्हणतात, टायरची हवा सकाळी गाडी थंड असतानाच बघा, चालून आल्यावर आकडा जास्त दिसतो. आणि हे पत्र त्यालाही वाचायला दे, फक्त जिथं जिथं "लांबू" आलंय तिथं खोडून त्याचं खरं नाव घाल.