मॅडम, बोर्डाच्या मागच्या बाजूसाठी आभार

मॅडम,

परवा फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून ठेवून दिला आणि मग चुटपुट लागून राहिली. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर.

तुमच्याकडे येण्याआधी माझा तापून बंद पडणारा सर्किट बोर्ड घेऊन तीन जणांचे उंबरे झिजवून झाले होते. एकाने बोर्ड हातातही न घेता 'फॅन बसव' म्हणून सांगितलं. दुसऱ्याने व्होल्टेज कमी करणाऱ्या रेग्युलेटर चिपच्या डोक्यावर हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा, चिकटवायला लावला. त्या प्लास्टिकमधून उष्णता जेमतेम बाहेर येते, तिची खरी वाट चिपखालच्या धातूच्या पॅडमधून असते, हे त्यालाही ठाऊक नसावं. तिसरा म्हणाला, 'एवढंही येत नाही?' बोर्ड मात्र दर दहा मिनिटांनी मान टाकत होता. 12 व्होल्टचे 5 करताना 0.4 अँपिअरला 2.8 वॉट त्या नखाएवढ्या रेग्युलेटरमध्ये जळतात. हा साधा गुणाकार मीही केला नव्हता, ते सोडा.

तुम्ही आधी सप्लाय दिलात. रेग्युलेटरजवळ बोट नेऊन चटकन मागे घेतलंत. मग बोर्ड उभा धरून मागून त्याच जागी बोट टेकवलंत. उत्तर तुम्हाला तिथेच कळलं होतं, आता माझी खात्री आहे. तरी बोलला नाहीत. बोर्ड माझ्याकडे सरकवलात, "तूही बघ." वरून चटका, मागून नुसतं कोमट. "मग उष्णता अडली कुठे?" एवढं विचारून गप्प बसलात. मी ततपप करत "पॅडखाली व्हाया नाहीत" म्हटलं, तेव्हा कुठे हसलात. व्हाया म्हणजे बोर्डाच्या आरपार जाणारी, आतून तांबं चढवलेली बारीक भोकं.

तांबं एफआर-4च्या, म्हणजे बोर्डाच्या फायबरग्लासच्या, हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, आणि मी मधल्या 1.6 मिलिमीटरमधून एक भोक पाडलं नव्हतं! पुढचं किरकोळ: 0.3 मिलिमीटरच्या नऊ व्हाया, मागे ग्राउंडचं ऐसपैस तांबं. जाता जाता शेजारचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही (वीज साठवणारा भाग) लांब सरकवायला लावलात. 10 अंश वाढले की त्याचं आयुष्य निम्म्यावर येतं, म्हणालात.

जाणकार माणसं भेटतात हो. पण समोरच्याला दोन मिनिटं चाचपडू देतील अशी? मला तोवर टोमण्यांची इतकी सवय झाली होती की तुम्ही गप्प बसलात तेव्हा आता ओरडाच पडणार असं वाटलं होतं.

नवा बोर्ड सकाळपासून बंद डब्यात चालू आहे. मघाशी झाकण काढून मागे बोट लावून पाहिलं. चांगलं गरम लागतंय.